उन्हाळी शिबिरातील मुले सुरक्षित राहावीत यासाठी प्रशिक्षकांनी काय करावे

मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपते, एप्रिलमध्ये खालच्या वर्गांच्या परीक्षा आटोपतात आणि लगेच राज्यभर कबड्डी, खो-खो, क्रिकेट, अ‍ॅथलेटिक्स आणि कुस्तीची उन्हाळी शिबिरे सुरू होतात. ज्या मुलांनी आधीचे दोन महिने घरात, पंख्याखाली अभ्यास करण्यात घालवले, त्यांच्याकडून आपण वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत एकदम सर्वाधिक मेहनत करून घेतो. उष्माघाताचा धोका वाढवणारी बहुतेक कारणे या एकाच वेळापत्रकात एकत्र येतात, आणि ते वेळापत्रक मुलांनी नव्हे, तर आपण मोठ्यांनी आखलेले असते. क्रीडाशिक्षक, क्लबचे प्रशिक्षक, तालमीतले वस्ताद आणि भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या अकादमींचे चालक यांनी पहिल्या दिवसाच्या आधी कोणती तयारी करावी आणि मूल कोसळल्यास पहिल्या काही मिनिटांत नेमके काय करावे, हे येथे मांडले आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते, ती म्हणजे मूल स्वतःहून थांबणार नाही. संघनिवड तोंडावर असते, शेजारचा मुलगा पळत असतो, ‘सर रागावतील’ ही भीती असते आणि थांबणाऱ्याला ‘नाटक करतोस’ असे ऐकवण्याची आपल्या मैदानांवर जुनी सवय आहे. ‘त्रास झाला तर सांगा’ एवढी सूचना देऊन प्रशिक्षकाची जबाबदारी संपते असे मानणे म्हणूनच धोक्याचे आहे. लहान मुलांचे शरीर उष्णतेपुढे मुळातच दुबळे असते, असे पूर्वी मानले जात असे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ मध्ये ही भूमिका बदलली आणि अतिरेकी श्रम, अपुरी विश्रांती, अपुरे पाणी व एकाच दिवशी लागोपाठ ठेवलेली सत्रे या टाळता येण्याजोग्या कारणांवर बोट ठेवले. ही चारही कारणे प्रशिक्षकाच्या हातातली आहेत. विश्रांती आणि पाणी मागावे लागणार नाही, ते ठरल्या वेळी सर्वांना मिळेलच, अशी रचना केली तरच लाजाळू आणि जिद्दी मुले सुरक्षित राहतात. मैदानाला फेऱ्या मारायला लावणे किंवा उठाबशा काढायला लावणे यांसारख्या शिक्षा उन्हाळ्यात पूर्णपणे बंद असाव्यात, कारण शिक्षा भोगणारे मूल तर कधीच थांबत नाही.

केवळ तापमान पाहून निर्णय घेऊ नये

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंश असेल, शिवाय ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल, तर भारतीय हवामान विभाग सामान्यतः उष्णतेची लाट मानतो. हा निकष सर्वसामान्य नागरिकांसाठी आहे. धावणाऱ्या मुलाची स्थिती वेगळी असते. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा हालचालीत जातो आणि उरलेल्या ऊर्जेची शरीरातच उष्णता होते, त्यामुळे बाहेर लाट नसतानाही आतले तापमान धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा जणांचा बळी गेला. त्या दिवशी परिसरातले कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते आणि ती माणसे तर केवळ उघड्यावर बसलेली होती.

घाम येण्याने शरीर थंड होत नाही. तो वाळण्याने होते. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा यांचा एकत्रित विचार करणारा ‘डब्ल्यूबीजीटी’ हा निर्देशांक जगभर क्रीडाक्षेत्रात वापरला जातो. उघड्या मैदानासाठी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचे सत्तर टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाचे वीस टक्के आणि साध्या तापमापकाचे दहा टक्के, अशी त्याची बेरीज असते. उदाहरणादाखल, नागपुरात हवा ४२ अंश, ओला तापमापक २४ आणि काळा गोळा ५२ दाखवत असेल, तर निर्देशांक ३१.४ येतो. मुंबईत हवा केवळ ३४ अंश, पण ओला तापमापक २८ आणि काळा गोळा ४६ असेल, तर तो ३२.२ येतो. म्हणजे आठ अंशांनी ‘थंड’ असलेल्या मुंबईतला सराव त्या वेळी अधिक धोक्याचा ठरतो. कोकणात आणि गोव्यात ‘आपल्याकडे कुठे विदर्भासारखे ऊन आहे’ असे म्हणून सराव चालू ठेवणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतः करून पाहावा.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने २०१२ मध्ये या निर्देशांकावर आधारित नियम बंधनकारक केले. साधारण ३२.२ ते ३३.३ अंशांच्या दरम्यान जास्तीत जास्त एक तास सराव करावा, त्यात संरक्षक साहित्य आणि जादा धावणे नसावे, आणि त्यापुढे सराव पूर्ण बंद ठेवावा, असे ते नियम सांगतात. आपल्याकडेही तालुका किंवा जिल्हा संघटनेने हे मोजणारे हातात मावणारे उपकरण घेऊन ते क्लबांना वापरू देणे अवघड नाही. आकडा सराव सुरू होण्यापूर्वी आणि मध्यंतरात ज्या जागी मुले खेळतात त्याच जागी घ्यावा, आणि कोणत्या आकड्याला काय बंद होणार ते शिबिराच्या फलकावर आधीच लिहून ठेवावे. लेखी नियम असला की ऐन वेळी पालकांचा, संस्थाचालकांचा किंवा स्पर्धेच्या तारखेचा दबाव निर्णयावर येत नाही.

उपकरण नसेल, तर सकाळचे सत्र विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात साडेआठच्या आत संपवावे. संध्याकाळी घाई करू नये, कारण सूर्य कलला तरी तापलेली जमीन आणि सिमेंटचे कट्टे बराच वेळ उष्णता सोडत राहतात. किनारपट्टीवर पहाटे आर्द्रता सर्वाधिक असते, त्यामुळे तिथे ‘सकाळी लवकर’ हे पुरेसे उत्तर नाही. सत्रच छोटे करावे लागते. कृत्रिम हिरवळ नैसर्गिक गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते. पत्र्याच्या शेडखाली टाकलेल्या कबड्डीच्या मॅटवर सावली असली तरी हवा कोंडलेली असते, म्हणून त्या जागेला सुरक्षित समजू नये. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरीच्या सर्वाधिक तापणाऱ्या नऊ दिवसांत विदर्भात शिबिर ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले चौदा दिवस

उष्णतेला शरीर सरावते, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते आणि तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात. श्रमजन्य उष्माघाताच्या घटना सरावाच्या पहिल्या काही दिवसांतच जास्त घडतात, म्हणून पहिल्याच दिवशी ‘दम किती आहे ते बघू’ म्हणून घेतली जाणारी लांब धावण्याची चाचणी ही मला शिबिरातली सर्वांत धोकादायक प्रथा वाटते. चाचणी घ्यायचीच असेल, तर ती दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस घ्यावी.

पहिले पाच दिवस दिवसातून एकच सत्र असावे आणि पहिल्या दोन दिवसांत ते तासाभराचे, हलके ठेवावे. आधी वेळ वाढवावा, मग जोर वाढवावा. दोन्ही एकदम वाढवू नयेत. क्रिकेटमध्ये पॅड-हेल्मेट घालून लांबलचक फलंदाजी किंवा यष्टिरक्षण पहिल्या आठवड्यात टाळावे. सहाव्या दिवसापासून दोन सत्रे घ्यायची झाल्यास ती एक दिवसाआड घ्यावीत आणि मधली विश्रांती थंड जागेत किमान तीन तासांची असावी. चार दिवस उशिरा आलेल्या मुलाचा तो पहिलाच दिवस असतो, हे गर्दीत विसरले जाते. त्याला इतरांच्या पाचव्या दिवसाच्या सरावात ढकलू नये. महाबळेश्वर किंवा नाशिकसारख्या तुलनेने थंड ठिकाणचा संघ अकोला-चंद्रपूरला स्पर्धेसाठी नेताना हाच विचार लागू पडतो.

कोणते मूल अधिक धोक्यात आहे

प्रवेश अर्जात फक्त रक्तगट विचारून भागत नाही. आधी कधी ऊन लागून त्रास झाला होता का, दमा, फिट किंवा हृदयाचा काही आजार आहे का, सर्दी-अ‍ॅलर्जीची किंवा एकाग्रतेसाठीची औषधे चालू आहेत का, हे पालकांना समोर बसवून विचारावे. त्यांतल्या काही औषधांमुळे घाम कमी येतो किंवा शरीराची उष्णता वाढते. ताप, जुलाब किंवा उलट्या होऊन गेलेल्या मुलाला बरे वाटू लागले तरी दोन-तीन दिवस मैदानावर उतरवू नये. जादा वजनाच्या, रात्री नीट न झोपलेल्या आणि उपवास असलेल्या मुलांचा सराव त्या दिवसापुरता हलका करावा.

नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या बहुतांश भागात, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. ज्यांच्यात तो केवळ वाहक स्वरूपात असतो त्यांना एरवी काहीच त्रास नसतो, पण उन्हात जोरात आणि सलग धावल्यावर त्यांच्या स्नायूंवर गंभीर परिणाम होऊन ते कोसळू शकतात, आणि असे मृत्यू झालेले आहेत. अशा मुलाला खेळापासून दूर ठेवण्याचे कारण नाही. त्याला वाहक असल्याची माहिती असावी, तपासणी झालेली असावी, त्याच्या धावांमध्ये पुरेसे अंतर असावे आणि पाय भरून आल्याचे त्याने सांगताच कोणताही प्रश्न न विचारता त्याला थांबवावे. आश्रमशाळांच्या संघांसोबत काम करणाऱ्या प्रशिक्षकांनी आरोग्य केंद्राकडून ही तपासणी करून घ्यावी. मिळालेली माहिती मात्र संघात उघड करू नये.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार दिसते. मैदानाजवळ स्वच्छतागृह नसते किंवा असलेले वापरण्याजोगे नसते, म्हणून मुली घरून निघतानाच पाणी पीत नाहीत आणि मैदानावर बाटली हातात धरून फक्त ओठ ओले करतात. ‘पाणी प्या’ असे शंभर वेळा सांगण्यापेक्षा स्वच्छतागृहाची किल्ली मिळवणे हे तिथे प्रशिक्षकाचे खरे काम आहे. ते होत नसेल, तर तिथे मुलींचे शिबिर घेऊ नये.

पाणी, आणि वजन उतरवण्याचा प्रश्न

दर पंधरा-वीस मिनिटांनी सर्वांनी सावलीत यावे, पाणी प्यावे आणि पाच मिनिटे बसावे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर पाणी सहसा पुरते. मोठ्या, भरपूर घाम येणाऱ्या मुलांची गरज तासाला एक ते दीड लिटरपर्यंत जाऊ शकते. माठाला एकच पेला आणि समोर तीस मुलांची रांग असेल, तर पाच मिनिटांत निम्म्या मुलांना पाणी मिळत नाही, म्हणून प्रत्येकाची बाटली वेगळी असावी. सत्र तासाभराहून लांबल्यास लिंबू सरबत, पन्हे किंवा ताक मीठ घालून द्यावे, किंवा एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. सरावाआधी आणि नंतर वजन करणे हा उत्तम उपाय आहे. चाळीस किलोच्या मुलाचे वजन आठशे ग्रॅमने घटले, तर ते दोन टक्के होतात आणि पाणी कमी पडले असा त्याचा अर्थ असतो. उलट वजन वाढले असेल, तर त्याने गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायले आहे आणि तेही घातक ठरू शकते, म्हणून जबरदस्तीने पाणी पाजू नये.

कुस्ती आणि वजनगटाच्या इतर खेळांत प्लास्टिकचे किंवा रबरी कपडे घालून घाम गाळण्याची पद्धत अजून चालू आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत जेमतेम महिन्याभरात तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच रीतीने वजन उतरवताना दगावले आणि त्यानंतर तिथे ही पद्धत बंद करण्यात आली. वाढत्या वयाच्या मुलाला खालच्या गटात बसवण्यासाठी त्याचे पाणी तोडणे कोणत्याही पदकासाठी समर्थनीय नाही. वस्तादांनी त्याला त्याच्या नैसर्गिक गटात खेळवावे.

बर्फ आणि ताडपत्री

मैदानावरचा उष्माघात वेळेत थंडावा मिळाल्यास जवळजवळ नेहमी बरा होतो. मॅसॅच्युसेट्समधील फाल्मथ येथे ऑगस्टमध्ये होणाऱ्या धावण्याच्या शर्यतीत अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण बर्फाच्या पाण्यात बसवून थंड करण्यात आले आणि त्यांतला एकही दगावला नाही. याउलट २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू सरावात कोसळला, तेव्हा त्याला गार पाण्यात ठेवले गेले नाही. पंधरा दिवसांनी तो गेला. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत शरीराचे तापमान ३९ अंशांच्या खाली आणणे हे उद्दिष्ट असते, आणि आपल्याकडच्या अंतरांचा विचार करता रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो अर्धा तास सहज निघून जातो. म्हणून आधी मैदानावरच थंड करावे आणि मग हलवावे.

यासाठी महागडा टब लागत नाही. जाड ताडपत्री, शंभर लिटर पाण्याचे पिंप, दोन बादल्या, पाच-सहा मोठे टॉवेल आणि पंचवीस किलो बर्फ एवढे साहित्य पुरते. तीस अंशांच्या शंभर लिटर पाण्यात पंचवीस किलो बर्फ पूर्ण विरघळला, तर पाणी साधारण आठ-दहा अंशांवर येते. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवून देऊ नये. ऐन वेळी टोच्या शोधण्यात आणि लादी फोडण्यातच दहा मिनिटे जातात. लादी सकाळीच फोडून थर्माकोलच्या पेटीत भरून ठेवावी. सराव संपल्यावर तोच बर्फ मुलांच्या टॉवेलांसाठी वापरता येतो, त्यामुळे रोजचा खर्च वाया जात नाही. बर्फ आला नसेल, तर त्या दिवशी जोराचा सराव घेऊ नये.

शिबिराच्या पहिल्या दिवशी या सगळ्याची रंगीत तालीम घ्यावी. १०८ क्रमांकावर फोन कोण करणार, फाटकावर उभे राहून रुग्णवाहिकेला कोण आत आणणार, फाटकाची किल्ली कोणाकडे असते, पालकांना कोण कळवणार आणि उरलेल्या मुलांना कोण सांभाळणार, हे नावानिशी ठरलेले असावे. मैदानाचा पत्ता जवळच्या खुणेसह मोठ्या अक्षरांत फलकावर लिहिलेला असावा, कारण घाबरलेल्या माणसाला रोजचा पत्ताही सांगता येत नाही.

मूल कोसळल्यास

धाप लागणे, पेटके येणे, चक्कर किंवा मळमळ होणे, पण मूल शुद्धीवर असून नीट उत्तरे देत असणे, हा उष्णतेचा थकवा असू शकतो. त्याला सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा आणि थोडे थोडे पाणी द्यावे. त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवू नये आणि एकट्याला घरी पाठवू नये.

मूल असंबद्ध बोलत असेल, झोकांड्या खात असेल, अकारण चिडत असेल, आज कोणता वार आहे हे सांगू शकत नसेल किंवा बेशुद्ध झाले असेल, तर तो उष्माघातच आहे असे धरून चालावे. ‘अंग कोरडे पडले तरच उष्माघात’ हा समज मैदानावर खोटा ठरतो, कारण श्रमाने झालेल्या उष्माघातात अंग बहुधा घामाने चिंब असते. कपाळाला किंवा काखेत लावलेला तापमापकही फसवतो. तिथे ३८ अंश दिसत असताना आत ४१ असू शकतात. श्वास आणि नाडी नसेल, तर लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे. श्वास चालू असेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि इतरांनी मुलाला ताडपत्रीवर ठेवून चारही कडा उचलून धराव्यात, बर्फाचे पाणी त्यात ओतावे आणि ते हलवत राहावे. एकाने डोक्याकडे बसून काखेखालून धरून चेहरा पाण्याबाहेर ठेवावा. या पद्धतीने पाच ते सात मिनिटांत साधारण एक अंश तापमान उतरते.

‘तापलेल्या अंगावर गार पाणी ओतले तर झटका येतो’ ही भीती आपल्या घराघरांत आहे आणि ऐन वेळी एखादा वडीलधारा माणूस हात धरून थांबवतो. उष्माघात झालेल्या तरुण खेळाडूसाठी बर्फाचे पाणी हाच सर्वांत परिणामकारक उपचार असल्याचे सिद्ध झाले आहे, म्हणून पालकांच्या पहिल्याच बैठकीत हे समजावून सांगावे. कांदा चोळण्यात वेळ घालवू नये. पॅरासिटामॉल देऊ नये, कारण हा जंतूंमुळे आलेला ताप नसल्याने ती गोळी उपयोगी पडत नाही आणि आधीच ताणलेल्या यकृतावर तिचा भार पडू शकतो. शुद्ध नीट नसलेल्या मुलाच्या तोंडात काहीही घालू नये. ताडपत्री नसेल, तर नळीने किंवा बादल्यांनी सर्वांगावर सतत पाणी ओतावे आणि बर्फात बुडवलेले टॉवेल मान, काखा, जांघा, छाती आणि डोक्यावर दर मिनिट-दोन मिनिटांनी बदलत राहावेत. आतले तापमान मोजण्याची सोय नसल्यास किमान दहा ते पंधरा मिनिटे थंड करावे, आणि रुग्णवाहिकेतही ओले टॉवेल चालू ठेवण्याचा आग्रह धरावा. मधेच मूल शुद्धीवर येऊन ‘बरा आहे’ म्हणाले, तरी रुग्णालयात नेलेच पाहिजे.

मूल सराव सुरू झाल्यावर काही मिनिटांतच कोसळले, नीट बोलत आहे, पण पाय उचलत नाहीत असे म्हणत असेल, तर सिकलसेलचा विचार करावा आणि ही गोष्ट रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

कायदा आणि पुनरागमन

‘काही झाल्यास जबाबदारी पालकांची राहील’ अशी ओळ अनेक शिबिरांच्या अर्जावर असते. निष्काळजीपणाने मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूल ताब्यात असताना त्याच्याकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करून त्याला यातना होऊ देणे हा बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. पालकांच्या सहीने यांपैकी कोणतीही फौजदारी जबाबदारी संपत नाही. रोजचे निर्देशांक, विश्रांतीच्या वेळा, गैरहजर आणि आजारी मुले यांची वही ठेवल्यास चौकशीत तिचा उपयोग होतोच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती भरताना प्रशिक्षकाचे लक्ष प्रत्येक मुलावर जाते.

उष्माघातातून बरे झालेल्या मुलाला रुग्णालयातून सोडल्यानंतर किमान सात दिवस कोणताही व्यायाम देऊ नये. त्यानंतर डॉक्टरांनी तपासून आणि यकृत, मूत्रपिंड व स्नायूंच्या रक्तचाचण्या पाहून लेखी परवानगी दिली, तरच थंड जागेत हलक्या हालचालींनी सुरुवात करावी आणि पुढचे दोन ते चार आठवडे नव्या मुलासारखेच टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावे. स्पर्धा त्याआधी असेल, तर त्याचे नाव संघाच्या यादीतून प्रशिक्षकांनी स्वतः काढावे. तो निर्णय मुलावर किंवा त्याच्या घरच्यांवर सोडू नये, आणि पुढच्या निवडीत त्याची जागा राखलेली आहे हे त्याला त्याच दिवशी सांगावे.